नळ फुटला, भरायचं कोणी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात. शहरात आता स्वतः घर बांधून पाहण्याची वेळ फार थोड्यांवर येते. बाकीच्यांच्या वाट्याला येतं ते घरात 'काम काढणं'. बाथरूमच्या फरशा बदलायच्या, ओटा नवा करायचा, वायरिंग भिंतीच्या आत घ्यायचं. एकदा काम निघालं की घरात धूळ येते, सिमेंटच्या गोण्या येतात, चार अनोळखी माणसं येतात आणि चार-आठ दिवसांत काहीतरी फुटतं. कधी नळाचा पाईप, कधी खिडकीची काच, कधी शेजाऱ्याच्या भिंतीचा गिलावा. आज बोलायचंय ते या फुटण्याविषयी. फसवणुकीविषयी नाही आणि कामचुकारपणाविषयीही नाही. चुकून झालेल्या नुकसानीचे पैसे कोणी द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

बांधकामाच्या तंट्यांत जागेची पाहणी करून अहवाल देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. अशा ठिकाणी गेलो की तीच तीन वाक्यं ऐकू येतात. घरमालक म्हणतो, "तुमच्या माणसानं फोडलं, तुम्ही भरा." कंत्राटदार म्हणतो, "साहेब, पाईप कुजलेलाच होता, हात लावल्यावर गेला." आणि मुकादम दोघांची समजूत काढायला म्हणतो, "जाऊ द्या, पोराच्या हजेरीतून कापून घेतो." ते पोर कोपऱ्यात मान खाली घालून उभं असतं. या तिसऱ्या वाक्यावर मालकाचं समाधान झालेलं मी अनेकदा पाहिलंय. माझ्या मते तिघांत सर्वांत चुकीचं वाक्य तेच आहे. का, ते पुढे सांगतो.

आधी एक उदाहरण घेऊ. कल्पित आहे, पण यात न घडण्यासारखं काही नाही. ठाण्यातली पस्तीस वर्षांची इमारत, तिसरा मजला. बाथरूम नवं करायचं एक लाख चाळीस हजारांचं काम, सामानासकट. मालकांचं कुटुंब तेवढे दिवस भावाकडे राहायला गेलेलं. संध्याकाळी साडेपाचला मशीननं भिंतीवरच्या जुन्या फरशा उडवताना आतल्या जीआय पाईपला छिन्नी लागली. बारीकशी धार सुरू झाली. पोरानं पाईपाला चिंधी आवळून बांधली आणि मुकादमाला फोन केला. मुकादम म्हणाला, "सकाळी प्लंबर पाठवतो." माणसं निघून गेली. रात्री चिंधी सुटली. सकाळी सहाला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला तेव्हा त्यांच्या छताचा रंग पोपडे होऊन लोंबत होता, कपाटात पाणी गेलं होतं आणि वर मालकांच्या हॉलमधलं लॅमिनेटचं फ्लोअरिंग फुगलं होतं.

आता पैसे कोणी द्यायचे? कंत्राटदाराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पस्तीस वर्षांचा जीआय पाईप आतून गंजलेलाच असतो. पण म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा. पस्तीस वर्षांच्या इमारतीत नळाच्या मागची भिंत फोडताना आत गंजका पाईप असणार, हे या धंद्यातल्या साधारण जाणकार माणसाला ठाऊक नसतं का? असतंच. मग तो भिंतीला मशीन लावण्याआधी काय करतो? स्टॉपकॉक बंद करतो. स्टॉपकॉक जाम असेल, आणि जुन्या घरात तो बहुधा असतोच, तर गच्चीवर जाऊन टाकीखालचा त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि वॉचमनला सांगून ठेवतो.

म्हणजे या गोष्टीत दोन घटना आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पाईपाला छिन्नी लागणं हा अपघात. पाणी चालू ठेवून घरी जाणं हा निष्काळजीपणा. फुटलेल्या पाईपाच्या खर्चाबद्दल वाद होऊ शकतो. रात्रभर वाहिलेल्या पाण्याबद्दल होऊ शकत नाही. ते कंत्राटदाराच्या खात्यावर जातं. आपल्याकडे भांडण होतं ते 'पाईप कसा फुटला' यावर. खरी विचारपूस 'पाणी का चालू होतं' याची व्हायला हवी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समजा, सहा वर्षांपूर्वी मालकांनीच गिझरसाठी एक लाइन आडवी फिरवून घेतली होती, जिथं कोणी पाईप असेल अशी कल्पनाही करणार नाही अशा भिंतीतून, आणि काम सुरू होताना ते सांगितलं नाही. तिथं छिन्नी लागली, तर निदान फुटलेल्या पाईपाचा दोष मालकांचा. माहीत असलेली गोष्ट न सांगणं हेही नुकसानीचं कारण असू शकतं. आपल्या घराच्या भिंतीत काय दडलंय हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शक्य असेल तर फरशा लावण्यापूर्वी उघड्या भिंतींचे फोटो काढून ठेवावेत, शेजारी मोजपट्टी धरून. दहा वर्षांनी पुढच्या गवंड्याला ते दाखवता येतात.

आता रकमेकडे वळू, कारण खरी ओढाताण तिथंच असते. आपल्या उदाहरणातला फुटका तुकडा जोडणं हे किरकोळ काम. पण प्लंबर म्हणाला, सगळी लाइन बदला, नऊ हजार होतील. हे नऊ हजार मालकांनीच द्यावेत. ती लाइन आज ना उद्या बदलावीच लागणार होती, आणि नवी लाइन पुढची कित्येक वर्षं तेच वापरणार आहेत. काकूंचं छत, म्हणजे पोपडे खरवडणं, गिलावा, दोन हात रंग, सोळा हजार. हे कंत्राटदाराचे. काकूंचं कपाट नऊ वर्षांचं. तसंच नवं करायला आज साठ हजार लागतील, म्हणून काकू साठ हजार मागतात. सुतार म्हणतो, खालचे दोन कप्पे आणि पाठीची फळी बदलून चौदा हजारांत होईल. द्यायचे चौदाच. भरपाईचा हेतू नुकसान झालेल्याला पूर्वीच्या जागी नेऊन ठेवणं हा आहे. जुन्याच्या बदल्यात नवं मिळवून देणं हा नाही. काकूंना याचा राग येईल, आणि तो समजण्यासारखा आहे. त्यांनी काही काम काढलं नव्हतं. तरीही कोणत्याही न्यायासनापुढे गेलात तरी जुन्या कपाटाचा घसारा धरलाच जाणार.

राहिलं लॅमिनेट. सहा पट्ट्या फुगल्या, आणि तो रंग आता बाजारात मिळत नाही. मालक म्हणतात, सगळा हॉल नवा करून द्या. कंत्राटदार म्हणतो, जवळचा रंग लावतो. अशा वेळी जुने कारागीर एक युक्ती करतात. भिंतीतल्या कपाटाखालच्या किंवा पलंगाखालच्या, म्हणजे न दिसणाऱ्या जागेतल्या सहा पट्ट्या काढून हॉलच्या मध्यभागी बसवतात आणि जवळच्या रंगाच्या नव्या पट्ट्या त्या झाकल्या जागी जातात. बारा हजारांत काम होतं. दोघांची तयारी असेल तरच, अर्थात.

तर कंत्राटदाराकडे बेचाळीस हजार येतात, मालकांकडे नऊ. मालकांनी नव्वद हजार दिलेले आहेत, पन्नास बाकी आहेत. बाथरूम ठरल्याप्रमाणे पुरं झालं की पन्नासातून बेचाळीस वळते करून आठ हजार द्यायचे. पण पाईप फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी 'आता एक पैसा देणार नाही' असं म्हणणं शहाणपणाचं नाही. त्याच पैशातून शनिवारी मजुरांच्या हजेऱ्या दिल्या जातात. त्या थांबल्या की माणसं दुसऱ्या साइटवर जातात, आणि तुमच्याकडे अर्धं फोडलेलं बाथरूम उरतं.

आता खालच्या काकू. त्यांचा कंत्राटदाराशी काही करार नाही. निष्काळजीपणाबद्दल त्या थेट त्याच्याकडे भरपाई मागू शकतात. कायद्याचं सर्वसाधारण तत्त्व असं की स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या चुकीला काम देणारा जबाबदार नसतो. याला अपवाद आहेत, आणि व्यवहार तर त्याहून वेगळा आहे. काम काढण्यापूर्वी सोसायटीची परवानगी घेताना आपण एक हमीपत्र लिहून देतो. 'माझ्या कामामुळे इमारतीचं किंवा इतर सभासदांचं नुकसान झाल्यास मी भरून देईन' असं वाक्य त्यात बहुधा असतं. बहुतेकजण ते न वाचता सही करतात. ती सही आहे म्हणजे काकू तुमच्याकडे येणार, आणि त्यांनी यावंही. तुम्ही त्यांचं करून द्या आणि कंत्राटदाराकडून वसूल करा. त्यांना तुमच्या आणि कंत्राटदाराच्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत ओल्या छताखाली बसवून ठेवणं हा शेजारधर्म नव्हे.

इथं एक फरक ध्यानात ठेवा. वर सांगितलं ते सगळं, तुम्ही काम 'अंगावर' दिलं असेल तेव्हाचं. म्हणजे ठरलेल्या रकमेत काम, माणसं त्याची, पद्धत त्याची. पण पुष्कळ लोक पैसे वाचवायला सामान स्वतः आणतात, नाक्यावरून दोन माणसं रोजावर घेऊन येतात आणि खुर्ची टाकून 'इथं फोड, तिथं लाव' असं सांगत बसतात. मग तुम्ही स्वतःच कंत्राटदार झालात. त्या रोजंदारीच्या माणसाच्या हातून काही फुटलं तर ते बहुतेक वेळा तुमचंच. ग्राहक कायद्यातही अशी वैयक्तिक चाकरी 'सेवा' या व्याख्येतून वगळलेली आहे. कंत्राटदार जो नफा घेतो, त्यात ही जोखीम उचलण्याची किंमतही असते. नफा वाचवला की जोखीम आपल्याकडे येते.

आता अप्रत्यक्ष नुकसानीबद्दल. समजा, त्या हॉलमध्ये बारा तारखेला मुलीचा साखरपुडा होता. फ्लोअरिंग फुगलं, म्हणून बाहेर कार्यालय घ्यावं लागलं, तीस हजार गेले. ते मागता येतील का? याचं उत्तर शोधताना वकील मंडळी अजून इंग्लंडमधल्या १८५४ सालच्या एका निकालाकडे जातात. ग्लॉस्टर गावातल्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. नवा करण्यासाठी नमुना म्हणून तो मोडका दांडा ग्रिनिचला पाठवायचा होता. वाहतूकदारानं उशीर केला, गिरणी बंद राहिली, आणि मालकानं बुडालेला नफा मागितला. न्यायालयानं तो दिला नाही. दांडा पोचेपर्यंत गिरणी बंदच राहील, हे वाहतूकदाराला कळवलेलं नव्हतं, असं धरून. आपल्या १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७३ व्या कलमात हेच तत्त्व आहे. करार मोडल्यामुळे ओघानंच होणारं, किंवा करार करताना दोघांना ठाऊक असलेलं नुकसान मिळतं. दूरचं मिळत नाही. म्हणून काम ठरवतानाच मोबाइलवर एक ओळ टाका: 'बारा तारखेला घरी साखरपुडा आहे, दहापर्यंत हॉल मोकळा हवा.' त्या एका ओळीनं तीस हजारांची मागणी दूरची न राहता जवळची होऊ शकते.

याच कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट आहे. नुकसान वाढू नये म्हणून हाताशी जे उपाय होते, तेही भरपाई ठरवताना पाहिले जातात. ओलं कपाट पुरावा म्हणून पंधरा दिवस तसंच ठेवलं आणि त्याला बुरशी आली, तर त्या बुरशीचे पैसे मिळणं अवघड. फोटो काढा, मोबाइलवर चित्रीकरण करा, दोन शेजाऱ्यांना दाखवा, आणि कपडे बाहेर काढून पंखा लावा.

आता त्या हजेरी कापण्याकडे येतो. दिवसाला सात-आठशे मिळवणाऱ्या मुलाकडून बेचाळीस हजार वसूल करायचे म्हणजे त्याची जवळजवळ दोन महिन्यांची मजुरी. आणि त्यानं केलं काय? जे सांगितलं ते. व्हॉल्व्ह बंद करून मग मशीन लाव, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पाणी गळतंय हे त्यानं वर कळवलं होतं. 'सकाळी पाठवतो' हा निर्णय त्याचा नव्हता. मजुरीतून काय कापता येतं हे १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात सांगितलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही ते आहे. नुकसानीपोटी कपात करायची तर ती सांभाळायला म्हणून त्याच्या स्वाधीन केलेल्या मालाची असावी लागते, नुकसान सरळ त्याच्याच हयगयीनं झालेलं असावं लागतं, आणि कापण्यापूर्वी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तुमच्या बाथरूमची भिंत त्याच्या ताब्यात दिलेला माल नव्हे. चूक मुकादमाच्या व्यवस्थेची, आणि पैसे मुकादमाच्या मालकाचे.

तुम्ही म्हणाल, हा त्यांचा आपापसांतला मामला, आम्ही कशाला मध्ये पडू? पडावं, असं मला वाटतं. वळते करून घेतलेले बेचाळीस हजार कुठून येतात, हे तुम्हाला दिसत असतं. तडजोडीच्या कागदावर 'ही रक्कम कामगारांच्या मजुरीतून वसूल करणार नाही' एवढं एक वाक्य घालायला तुम्हाला काहीच खर्च येत नाही. मी माझ्या मसुद्यांत ते घालतो. काही कंत्राटदार कुरकुरतात. बहुतेक सही करतात.

विम्याविषयी थोडक्यात. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक मसुद्याची घरविमा पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. पाण्याची टाकी किंवा पाईप फुटून झालेलं नुकसान तिच्यात येतं. वर्षानुवर्षं झिरपून आलेली ओल ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तुमची अशी पॉलिसी असेल तर कंत्राटदाराशी तडजोड करण्याआधी विमा कंपनीला कळवा. कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. तुम्ही आधीच 'माझी काही तक्रार उरली नाही' असं लिहून बसलात, तर कंपनी तुमच्याच दाव्याला हरकत घेईल.

आणि कंत्राटदारानं हात वर केले तर? घरबांधणी ही 'सेवा' आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं. पैसे घेऊन केलेल्या दुरुस्तीतल्या हलगर्जीपणाबद्दलही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. तेव्हापासून तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंत्राटदाराच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. लेखी करार नाही म्हणून घाबरू नका, तोंडी करारही करारच असतो. मोबाइलवरचे निरोप, ऑनलाइन दिलेले पैसे, कच्च्या कागदावरचं एस्टिमेट, हे सगळं जपून ठेवा. १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथून एक फोन गेल्यावरही काहीजण जागे होतात.

पण आयोगाकडे जाण्याची वेळ बहुतेकांवर येऊ नये. त्यासाठी घटनेच्या दोन-तीन दिवसांत दोघांनी बसून एक साधा कागद करावा. स्टॅम्पपेपर नसला तरी चालेल. त्यात घटना कोणत्या तारखेला, किती वाजता घडली ते लिहावं, दोष कोणाचा हे लिहू नये, नाहीतर कागद तिथंच फाटतो. मग एकेका वस्तूपुढे काय करायचं, कोण करणार, किती रुपये आणि कोणत्या तारखेपर्यंत. छताचा रंग ओल पूर्ण सुकल्यावरच लावायचा असतो, त्याला पावसाळ्यात महिनाही लागेल. म्हणून त्याची तारीख वेगळी घालावी, आणि तेवढे सोळा हजार मालकांनी तोवर राखून ठेवावेत. मजुरीबद्दलचं वाक्य शेवटी. खाली तिघांच्या सह्या, मालकांची, कंत्राटदाराची आणि खालच्या काकूंची. एक प्रत सोसायटीच्या फायलीत.